तिजोरीची किल्ली कोणापाशीं?

दुकानाचीं कपाटें दुरुस्त करणाऱ्या सुताराजवळ कोणी तिजोरीची किल्ली ठेवील काय? मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर कारभार ठेवणारे व्यापारी मात्र बहुधा असेंच करीत. संगणकव्यवस्था पाहणाऱ्या मंडळींस एकदां संमति दिली कीं सर्वाधिकार मिळत. त्यांस मुदतहि नसे. २०२१ सालीं ‘नोबेलियम’ या रशियन हेरटोळीनें नेमके असे मध्यस्थच गांठले. एका किल्लीनें अनेक ग्राहकांचीं दारें उघडतात ना! २०२२ पासून अधिकार कामापुरते देतां येतात. परवाने वांटणारास परवलीचे शब्द बदलण्याचा अधिकार कशाला? एका वेळची मुदत जास्तींत जास्त ७३० दिवस. मला तीहि फार वाटते. संमतीपूर्वी अधिकारांची यादी दिसते, ती वाचावी. दिलेले अधिकार ग्राहकास स्वतः केव्हांहि काढून घेतां येतात. त्यामुळें विकत घेतलेले परवाने बुडत नाहींत.