मुंबई महापालिकेची जुनी इमारत

दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला काकाकडे गेलो होतो. माझा काका महापालिकेत सफाई कामगार आहे. रविवारी आम्ही दोघे महापालिकेची मोठी इमारत पाहायला गेलो. शनिवारी-रविवारी लोकांना ती आतून दाखवायची सोय २०२१ साली सुरू झाली.

ही इमारत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच आहे. दोन्ही इमारतींचा नकाशा एकाच माणसाने काढला. त्याचे नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. पायाभरणी १८८४ साली झाली व काम १८९३ साली पूर्ण झाले. मनोरा खूप उंच आहे. आपल्या देवळाचा कळस मला आधी लई उंच वाटायचा! इमारतीसमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे.

आत मोठा जिना लागतो. मान वर केली की घुमट दिसतो. मग आम्ही सभागृह पाहिले. मुंबईचे लोक २२७ नगरसेवक निवडून देतात. ते इथे बसून पाणी, रस्ते, दवाखाने, कचरा यांवर बोलतात. आपल्या ग्रामपंचायतीत सदस्य बसतात ना, तसेच. फक्त खुर्च्या पुष्कळ!

काका बराच वेळ काही बोलेना. मग हळूच म्हणाला, "अठरा वर्षं नोकरी झाली, पण इथं आत आजच आलो."

बाहेर पायरीवर कागदाचा कपटा पडला होता. काकाने तो उचलला. मी म्हटलं, "काका, आज तर तुझी सुट्टी हाय." तो म्हणाला, "आपलंच घर हाय, बाळा."

तुम्ही मुंबईला गेलात तर ही इमारत जरूर पाहा. आणि तिथे कचरा टाकू नका.

– इयत्ता चौथी