आठ टोकांच्या ताऱ्यावर उभे जुळे मनोरे

क्वालालंपूरच्या ऐन मध्यवस्तीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घोड्यांच्या शर्यती होत असत. ब्रिटिश अमदानीतल्या सेलंगोर टर्फ क्लबचे ते मैदान. क्लब दुसरीकडे हलला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पेट्रोनास या मलेशियाच्या सरकारी तेल कंपनीचे मुख्यालय बांधायचे ठरले. १९९१ साली वास्तुरचनाकारांची स्पर्धा झाली. इमारत पाहताक्षणी मलेशियाची वाटली पाहिजे, अशी अपेक्षा होती. आता या देशाची बांधकामाची परंपरा म्हणजे खांबांवर उचललेली लाकडी घरे, विणलेल्या चटयांच्या भिंती आणि उतरत्या छपरांच्या मशिदी. त्यात गगनचुंबी इमारतीचा नमुना कुठून सापडणार?

मूळचे अर्जेंटिनाचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले सेझार पेल्ली यांनी ही स्पर्धा जिंकली. परंपरेचा धागा त्यांनी धरला तो थेट मजल्याच्या आराखड्यात, आणि या मनोऱ्यांचे मोठेपण मला तिथेच दिसते. एक चौरस काढा. त्याच्यावर तेवढाच दुसरा चौरस तिरका ठेवा. आठ टोकांचा तारा तयार होतो. इस्लामी कलेत मशिदीच्या फरशीपासून कुराणाच्या पानांवरील नक्षीपर्यंत ही आकृती सगळीकडे भेटते. आपल्याकडे दारापुढची रांगोळी जशी दोन-चार रेषांतून फुलत जाते, तशीच तिची जातकुळी. पेल्लींच्या पहिल्या आराखड्यातला तारा बारा टोकांचा होता. तो आठ टोकांचा झाला त्यामागे तेव्हाचे पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांचा आग्रह होता.

पण निव्वळ ताऱ्याच्या आकारात कचेरी थाटता येत नाही. दोन टोकांमधल्या खाचांत बरीच जागा वाया जाते. म्हणून पेल्लींनी प्रत्येक खाचेत एक अर्धगोल बसवला. आठ टोके, आठ अर्धगोल. नक्षीही टिकली आणि टेबल-खुर्च्यांना जागाही मिळाली. हाच आकार ८८ मजले चढत जातो आणि माथ्याकडे टप्प्याटप्प्याने आत सरकत निमुळता होतो. खालून पाहणाऱ्याला तारा दिसत नाही. दिसतात त्या स्टेनलेस स्टीलच्या कडा आणि गोलाया, त्यांवर पडणारी ऊन-सावली. काचांवर पुढे आलेल्या आडव्या पट्ट्या विषुववृत्ताजवळचे ऊन अडवतात.

या शहरात आधीही असा प्रयत्न झाला होता. पेट्रोनासची कचेरी पूर्वी ज्या दायाबुमी इमारतीत होती, ती १९८४ची. टोकदार कमानी, अंगभर पांढरी जाळी. ती देखणी आहे, यात शंका नाही. पण जाळी काढून घेतली तर आत उरते ती चारचौघींसारखी कचेरी. जुळ्या मनोऱ्यांतून तारा काढायचा म्हटले तर मजलाच शिल्लक राहत नाही. या दोन इमारती एकाच दिवशी पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते.

पायाची कथा तर चकित करणारी. मनोरे ठरल्या जागी बांधायला घेतले असते तर एक बाजू खडकावर आणि दुसरी भुसभुशीत मातीवर आली असती. जमिनीखालचा चुनखडीचा खडक तिरका उतरत गेलेला आणि पोकळ्यांनी भरलेला. तेव्हा जागाच सुमारे ६० मीटर सरकवली आणि ६० ते ११४ मीटर खोलीचे काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवले. त्यांवर साडेचार मीटर जाडीचा तळ ओतला. प्रत्येक मनोऱ्यासाठी १३,२०० घनमीटर काँक्रीट, सलग ५४ तास, न थांबता.

एवढ्या उंचीच्या इमारती तेव्हा बहुधा पोलादी सांगाड्यावर उभ्या राहत. मलेशियाला ते पोलाद बाहेरून महागात आणावे लागले असते. काँक्रीटचे काम मात्र इथल्या हातांना ठाऊक होते. म्हणून सांगाडा अतिशय भक्कम प्रतीच्या काँक्रीटचा केला. एक मनोरा जपानी कंपन्यांच्या गटाने बांधला, दुसरा कोरियन कंपन्यांच्या.

दोन्ही मनोऱ्यांना ४१व्या आणि ४२व्या मजल्यांवर जोडणारा दुमजली पूल जमिनीपासून १७० मीटरवर आहे. लांबी ५८ मीटर. वाऱ्याने दोन्ही मनोरे आपापल्या लयीत हलतात, त्यामुळे पूल त्यांना घट्ट जखडलेला नाही. २९व्या मजल्यावरून निघालेले दोन तिरके पाय त्याला मध्यभागी तोलून धरतात आणि टोके आत-बाहेर सरकायला मोकळी राहतात. आगीसारखी आपत्ती आली तर एका मनोऱ्यातले लोक दुसऱ्यात जाऊ शकतात. पूल, त्याचे पाय आणि दोन मनोरे मिळून आभाळात एक दरवाजा उभा राहतो. मधली ही मोकळी जागा पेल्लींना मनोऱ्यांइतकीच महत्त्वाची वाटत होती.

१९९६ साली शिखरे बसली, उंची ४५२ मीटर झाली आणि शिकागोच्या सीअर्स टॉवरचा पहिला क्रमांक गेला. शिखर उंचीत धरायचे का, यावर अमेरिकेत बरीच नाराजी उमटली. २००४ साली तैपेई १०१ने तो क्रमांक पुढे नेला. त्याच वर्षी जुळ्या मनोऱ्यांना वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. मला तो मान अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे मोजपट्टी उंचीची नव्हती.

आता याच शहरात ६७८.९ मीटरचा मर्देका ११८ उभा आहे. उंचीत त्याच्या पुढे फक्त बुर्ज खलिफा. त्याच्या शेजारच्या मैदानात ३१ ऑगस्ट १९५७ रोजी देशाचे पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी हात उंचावून स्वातंत्र्याचा घोष केला. त्या उंचावलेल्या हाताची आठवण इमारतीच्या आकारात ठेवली आहे. काचांचे त्रिकोणी पैलू मलय विणकामाच्या नक्षीवरून घेतलेत. कल्पना मनाला भिडते, तरी ती आधी कोणीतरी सांगावी लागते.

जुळ्या मनोऱ्यांत पुलापर्यंत आणि ८६व्या मजल्यावर जाता येते. तिकिटे मर्यादित असतात, म्हणून ती आधी काढून ठेवावीत. सोमवारी सहसा बंद असते. ८६व्या मजल्यावरून समोरच्या मनोऱ्याचा माथा जवळून दिसतो, टोके आणि अर्धगोल नीट मोजता येतात. खाली ब्राझीलचे उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी आखलेली बाग आहे; तिथून दोन्ही मनोरे एका नजरेत मावतात. दायाबुमीसाठी मनोऱ्यांजवळच्या केएलसीसी स्थानकावरून एलआरटी या शहरी रेल्वेने पसार सेनीला उतरावे.