‘कमल’ चालते, ‘सीमा’ अडते

फॉर्ममधल्या साध्या चुका ब्राउझर स्वतःच पकडतो. रकाना रिकामा सोडू द्यायचा नसेल तर एचटीएमएलमध्ये ‘रिक्वायर्ड’ लिहिले की झाले. पण नाव देवनागरीतच हवे आणि चुकले तर मराठीतून सांगायचे, असे ठरवले की जावास्क्रिप्टकडे वळावे लागते.

तिथले मुख्य फंक्शन ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’. त्याला मजकूर दिला की रकाना चुकीचा ठरतो आणि फॉर्म पाठवताना तोच मजकूर दिसतो. रिकामी स्ट्रिंग दिली की चूक पुसली जाते. ‘नाव बरोबर आहे’ असे कौतुकाने लिहिले, तरी ब्राउझर ती चूकच धरतो!

ही तपासणी सबमिट इव्हेंटमध्ये ठेवली की फसगत होते. पहिल्यांदा चूक नोंदवली जाते. माणूस नाव सुधारून पुन्हा बटण दाबतो, पण जुनी चूक अजून चिकटलेली असल्याने ब्राउझर सबमिट इव्हेंट उठवतच नाही. इव्हेंट नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून चूक पुसली जात नाही. म्हणून तपासणी इनपुट इव्हेंटवर ठेवावी. मजकूर बदलला की निकालही बदलतो.

आता खुद्द नियम. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये युनिकोडचा ‘लेटर’ वर्ग दिला, की ‘कमल’, ‘अजय’, ‘गणपत’ बिनतक्रार पुढे जातात आणि ‘सीमा’ अडते. कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या लेखी अक्षरे नाहीत; ती ‘मार्क’ वर्गात येतात. चाचणी करणाऱ्याचे नाव अजय असेल तर हा दोष सापडायचाही नाही. मार्क जोडले तरी ‘लेटर’मधून रोमन अक्षरे शिरतातच. म्हणून मी ‘स्क्रिप्ट’ देवनागरी असल्याची अट पसंत करतो. मात्र तीत ० ते ९ हे देवनागरी आकडेही बसतात, ते वेगळे वगळावे लागतात. जागा, टिंब आणि जोडआडनावातली आडवी रेघ मुद्दाम चालू द्यावी. ‘कऱ्हाडे’तल्या ऱ्ह साठी काही कीबोर्ड ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह घालतात; तेही नियमात घेतले नाही, तर पडद्यावर अगदी शुद्ध दिसणारे आडनाव नाकारले जाते आणि का ते कोणालाच कळत नाही.

लांबीचेही तसेच. ‘लक्ष्मीनारायण’ डोळ्यांना सहा अक्षरांचे दिसते, जावास्क्रिप्ट मात्र १३ मोजते. ‘मॅक्सलेंग्थ’ १२ ठेवली तर शेवटचा ण लिहिताच येत नाही. मर्यादा सैल ठेवावी.

संदेशात ‘अवैध माहिती’ नको. ‘नाव देवनागरीत लिहा, आकडे नकोत’ असे लिहावे. आणि ब्राउझरमधली तपासणी कोणालाही बंद करता येते, तेव्हा हाच नियम सर्व्हरवरही हवा.