बागेतली खरीखुरी आगगाडी

(बागेत फिरणारी छोटी आगगाडी मुलांना आवडते. पण गाडीचे इंजिन खऱ्या वाफेचे असेल, तर मोठी माणसेही तिच्यामागे वेडी होतात. असे का होते आणि आपल्या लातूर जिल्ह्याशी या गोष्टीचा काय संबंध आहे, ते या पाठात सांगितले आहे.)



बागेतल्या छोट्या आगगाडीत तुम्ही कधी बसला आहात का? पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली ‘फुलराणी’ नावाची अशी गाडी सुरू झाली. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील ‘वनराणी’चे नावही तुम्ही ऐकले असेल. अशी गाडी एक फेरी मारते आणि जिथून निघाली तिथेच परत येते. ती कोणालाही कोणत्याही गावाला पोहोचवत नाही. तरीही तिच्या तिकिटासाठी रांग लागते.

बागेतल्या गाड्या दोन प्रकारच्या असतात. बहुतेक गाड्या डिझेलवर किंवा विजेवर चालतात. काहींना वरून नुसते शोभेचे धुराडे लावलेले असते. पण जगातील काही मनोरंजन उद्यानांत खरीखुरी वाफेची इंजिने धावतात. तिथे दूरदूरचे शौकीन लोक येतात. त्यांत पांढऱ्या केसांची माणसेही असतात. पाळणे आणि घसरगुंड्या सोडून ती तासन् तास इंजिनाकडेच बघत उभी राहतात. त्यांना तिथे काय दिसते?

हे समजण्यासाठी आधी वाफेचे इंजिन कसे चालते ते पाहू. स्वयंपाकघरातला कुकर आठवा. पाणी उकळले की त्याची वाफ होते. उर्दूत तुम्ही तिला ‘भाप’ म्हणता. पाण्याची वाफ झाली की ती पाण्यापेक्षा सुमारे सोळाशे पट जागा मागते. कुकरमध्ये तेवढी जागा नसते. म्हणून ती जोर करून शिट्टी उचलते. इंजिनाचा बॉयलर म्हणजे जणू एक प्रचंड कुकरच. भट्टीत कोळसा जळतो, बॉयलरमधले पाणी उकळते आणि दाबाखालची वाफ सिलिंडरमध्ये शिरते. तिथे ती दट्ट्याला एकदा पुढून आणि एकदा मागून ढकलते. दट्ट्याला जोडलेला लोखंडी दांडा चाक फिरवतो.

काम संपलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते. तोच आपला ‘झुक झुक’ आवाज! साध्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात असे चार फुसकारे ऐकू येतात. यात आणखी एक गंमत आहे. बाहेर पडणारी वाफ आपल्याबरोबर भट्टीतला धूर ओढून नेते. त्यामुळे भट्टीत नवी हवा शिरते आणि आग भडकते. चढ आला की इंजिन जास्त वाफ वापरते, फुसकारे मोठे होतात आणि आगही आपोआप वाढते. जणू चढावर माणसाला दम लागतो, तसा इंजिनालाही लागतो.

आता शौकिनांचे वेड तुमच्या लक्षात येईल. डिझेलच्या इंजिनाचे काम पत्र्याच्या आड चालते. वाफेचे इंजिन मात्र आपले काम उघड्यावर करते. दांडे पुढे-मागे होताना दिसतात. आगीची धग लागते. तेलाचा आणि धुराचा वास येतो. केवळ आवाज ऐकून जाणकार माणूस सांगतो, की गाडी चढावर आहे की सपाटीवर. जे यंत्र पाहून समजते, त्याच्याशी माणसाची मैत्री लवकर जमते.

अशाच एका शौकिनाचे नाव होते वॉल्ट डिस्ने. मिकी माउस या उंदराला पडद्यावर आणणारे हेच ते गृहस्थ. त्यांनी अमेरिकेतील आपल्या घराच्या अंगणात १९५० साली छोटे रूळ टाकले आणि त्यांवर वाफेचे छोटे इंजिन चालवले. पत्नी लिलियन यांच्या नावावरून त्याचे नाव ‘लिली बेल’ ठेवले. पुढे १७ जुलै १९५५ रोजी त्यांचे ‘डिस्नीलँड’ हे उद्यान उघडले. त्याच्या भोवती पहिल्या दिवसापासून वाफेची गाडी धावत होती. तिची पहिली दोन इंजिने नवीन बनवलेली होती. तिसरे इंजिन मात्र १८९४ साली बनलेले होते. ते पूर्वी लुईझियाना राज्यात ऊस वाहत असे.

फ्लोरिडातील डिस्ने उद्यानाची चार इंजिने तर मेक्सिको देशातून आणलेली आहेत. ती १९१६ ते १९२८ या काळात बनली होती आणि युकातान भागात माणसे व माल वाहत होती. डिझेलचे युग आले आणि त्यांचे काम संपले. ती भंगारात गेली असती. १९६९ साली ती विकत घेऊन दुरुस्त केली गेली आणि १९७१ साली उद्यान उघडले तेव्हा ती पुन्हा धावू लागली. म्हणजे ज्याला आपण खेळणे समजतो, ते कधीकाळी कष्टाचे काम करणारे यंत्र होते.

मित्रांनो, आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. डिस्नीलँडच्या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर ९१४ मिलिमीटर, म्हणजे तीन फूट आहे. एके काळी आपल्या लातूरला येणाऱ्या गाडीचे रूळ त्याहूनही अरुंद होते. त्यांच्यातील अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. तीच ‘बार्शी लाईट रेल्वे’. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती उभारली. १८९७ साली ती कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. १९११ साली ती लातूरला पोहोचली आणि १९२७ साली दुसऱ्या बाजूला मिरजेपर्यंत गेली. गाडीचे वजन सर्व चाकांवर सारखे वाटले, तर हलक्या आणि स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे कॅलथ्रॉपने येथे दाखवून दिले. ही गाडी बागेत फेऱ्या मारत नव्हती. तिने शेतमाल बाजाराला नेला आणि वारकऱ्यांना पंढरपूरला पोहोचवले.

पुढे काळ बदलला. वाफ जाऊन डिझेल आले. लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग २००८ सालापर्यंत ब्रॉडगेज झाला. हा बदल गरजेचाच होता. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, ते याच मार्गाने. रूळ रुंद नसते, तर एवढे पाणी घेऊन ती मोठी गाडी आलीच नसती. पण जुनी गाडी कशी होती, हे आजच्या मुलांना कसे कळणार?

जुने इंजिन जपण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे ते चौथऱ्यावर उभे करणे. माथेरानची डोंगरी रेल्वे मुंबईच्या अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. ती १९०७ साली सुरू झाली. तिचे एक जुने इंजिन नेरळला उभे आहे. ते पाहता येते, पण त्याचा फुसकारा ऐकू येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे इंजिनाला काम देणे. ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन लीड्स शहरातील किटसनच्या कारखान्यात १८५५ साली बनले. बार्शी लाईटची पहिली इंजिनेही त्याच कारखान्यातली. फेअरी क्वीन अनेक वर्षे बंद होते. १९९७ साली आपल्या देशातील कारागिरांनी ते पुन्हा रुळांवर आणले.

इंजिन चालते, तेव्हा त्याच्याबरोबर एक विद्याही जिवंत राहते. थंड बॉयलरमध्ये वाफ तयार व्हायला काही तास लागतात. कोळसा किती आणि कुठे टाकायचा, हे फायरमनला कळावे लागते. बॉयलरमधले पाणी फार कमी झाले, तर तो फुटण्याचा धोका असतो. हे ज्ञान पुस्तकातून अर्धेच मिळते. उरलेले अर्धे जुन्या माणसाशेजारी उभे राहून शिकावे लागते. बागेतली खरी वाफेची गाडी या विद्येची शाळा असते. ती बंद पडली, तर इंजिन राहील, पण ते चालवणारा माणूस राहणार नाही.

किल्लारीच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. जुनी किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात कोसळली. तिच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या नाहीत. त्या तुम्हाला आजी-आजोबांच्या बोलण्यातूनच माहीत आहेत. बार्शी लाईटचेही तसेच आहे. तिच्यात बसलेली माणसे अजून आपल्यात आहेत. ती सांगत आहेत, तोवर ऐकून घ्या आणि लिहून ठेवा.

शब्दार्थ
धुराडे – धूर बाहेर जाण्याची नळी
दट्ट्या – सिलिंडरच्या आत पुढे-मागे सरकणारा भाग
फुसकारा – हवा किंवा वाफ जोराने बाहेर पडण्याचा आवाज
धग – आगीची आच
चौथरा – बांधलेला उंच ओटा

स्वाध्याय
१. वाफेच्या इंजिनातून ‘झुक झुक’ आवाज का येतो?
२. शौकीन लोकांना डिझेलपेक्षा वाफेचे इंजिन अधिक का आवडते?
३. बार्शी लाईट रेल्वेची माहिती पाच ओळींत लिहा.
४. ‘इंजिन राहील, पण ते चालवणारा माणूस राहणार नाही.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

उपक्रम : बार्शी लाईटमधून प्रवास केलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीला भेटा. त्यांची आठवण आधी उर्दूत लिहून घ्या आणि मग मराठीत वर्गात वाचून दाखवा.