केसांचं काम कोण करणार?

मांजराच्या केसांकडे आपण शोभा म्हणून बघतो, नाहीतर सोफ्यावरून झटकायचा ताप म्हणून. पण ते केस दिवसरात्र कामावर असतात. त्वचेलगत हवेचा थर धरून अंगातली ऊब राखतात, त्वचेतून पाझरणारं तेल टिपून घेतात, ऊन अडवतात, कानाडोळ्यांत धूळ जाऊ देत नाहीत. स्फिंक्स जातीचं बिनकेसांचं मांजर घरी आणायचं म्हणजे ही सगळी कामं आपण अंगावर घ्यायची. त्याचं खाणं, आंघोळ, अंथरूण, औषधपाणी यांचा बहुतेक खर्च इथूनच निघतो. हृदयाचा प्रश्न तेवढा वेगळा आहे, आणि तोच सगळ्यात मोठा आहे.

1966 साली कॅनडातल्या टोरांटो शहरात एका साध्या घरगुती मांजरीला केस नसलेलं पिल्लू झालं. त्याचं नाव प्रून ठेवलं गेलं. त्याच्यापासून वंश वाढवायचा प्रयत्न झाला, पण ती शाखा टिकली नाही. आज दिसणारी स्फिंक्स मांजरं प्रामुख्याने 1970च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटात आणि पुन्हा टोरांटोत सापडलेल्या मांजरांपासून आलेली आहेत. वंश वाढवताना त्यांचा डेव्हन रेक्स या आखूड, कुरळ्या केसांच्या जातीशी संकर केला गेला. दोष केआरटी71 नावाच्या जनुकात आहे. त्यामुळे केस उगवत नाहीत असं नाही. ते उगवतात, पण मुळाशी पक्के धरले जात नाहीत आणि गळतात किंवा तुटतात. म्हणून नीट पाहिलं तर नाकावर, कानांमागे, बोटांवर बारीक लव दिसते. रशियातली डॉन्स्कॉय आणि तिच्यापासून तयार झालेली पीटरबाल्ड या जाती दिसायला अशाच असल्या तरी त्यांचं जनुकीय कारण निराळं आहे. ‘बिनकेसांचं मांजर आहे’ एवढ्यावर समाधान न मानता विकणाऱ्याला नेमकी जात विचारावी ती यासाठी.

आता उबेचं बघू. मांजराच्या शरीराचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. केसाळ मांजरालासुद्धा जादा शक्ती न खर्चता आरामात राहायला भोवताली 30 अंशांच्या वर तापमान लागतं. गाडीच्या गरम बॉनेटवर किंवा फ्रिजच्या डोक्यावर मांजरं का जाऊन बसतात ते यावरून कळेल. स्फिंक्सच्या अंगातून तर उष्णता सतत बाहेर जात असते. त्याला उचललं की गरम पाण्याची पिशवी हातात घेतल्यासारखं वाटतं. तो ताप नव्हे. मधे केस नसल्याने त्याच्या त्वचेची ऊब थेट आपल्या तळव्याला लागते. गेलेली ही ऊब त्याला खाण्यातूनच भरून काढावी लागते.

चार किलोच्या साध्या घरगुती मांजराला दिवसाला 200 ते 250 कॅलरी पुरतात. स्फिंक्सला त्याहून बऱ्यापैकी जास्त लागतात. 300 धरल्या तर दिवसाला 80 ग्रॅमच्या आसपास कोरडं खाणं होतं, म्हणजे महिन्याला जवळपास अडीच किलो. चांगल्या प्रतीच्या, मांसाचं प्रमाण भरपूर असलेल्या खाण्याला किलोमागे 750 रुपये धरले तर महिन्याचे 1800 आणि वर्षाचे 21,600 होतात. मांजर बारा वर्षं जगलं तर नुसत्या खाण्याचे अडीच लाखांच्या वर जातात. दूधभात किंवा पोळीचा कुस्करा घालून यात काटकसर करता येत नाही. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल मांजराला प्राणिज खाण्यातूनच मिळतं आणि त्याच्या अभावी हृदय कमजोर होतं, डोळे जातात.

मुंबईच्या हवेत थंडीचा प्रश्न फारसा नाही, पण रात्रभर 22 अंशांवर चालणारा एसी या मांजराला सोसत नाही. पुण्या-नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत तर त्याची वेगळी सोय लागतेच. खोक्यात घडी घालून ठेवलेली जुनी सुती गोधडी उत्तम. अंगात बंडी घालायची असेल तर मऊ सुती घालावी आणि रोज बदलावी, कारण तेल मुरलेलं कापड दिवसभर घासलं की त्वचेवर पुटकुळ्या येतात. विजेच्या शेकपट्टीवर मांजर तासन्‌तास पडून राहतं आणि कमी आचेवरही हळूहळू भाजतं. पट्टी वापरायचीच असेल तर वर जाड कापड हवं आणि उठून दुसरीकडे जायला जागा हवी.

यातलं सगळ्यात चिकाटीचं काम तेलाचं. प्रत्येक मांजराच्या त्वचेतून तेल पाझरतं; केसाळ मांजर अंग चाटताना ते केसांवर पसरवतं. इथे केसच नाहीत, म्हणून तेल त्वचेवर साचतं, धूळ धरतं, तपकिरी थर होतो आणि तो चादरी, उश्या, भिंतीचे कोपरे यांवर उतरतो. त्यावर उपाय आंघोळीचा. बहुतेकांना आठवड्यातून एकदा पुरते, काहींना पंधरवड्याने चालते. रोज घातली तर त्वचा कोरडी पडते, भरपाई म्हणून आणखी तेल सुटतं आणि आपण चक्रात अडकतो.

माझ्या भाचीकडे ठाण्याला असं मांजर आहे. तिची आंघोळ घालण्याची पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात घाई नसते. मोरीत आधी रबरी चटई घालते, म्हणजे पाय घसरून मांजर बिथरत नाही. बादलीत कोपर बुडवून पाणी बघते. कोमट, बाळाच्या आंघोळीला चालेल इतकंच. नळाची धार अंगावर सोडत नाही, मगाने मानेपासून खाली ओतते. मांजरांसाठीचा बिनवासाचा शाम्पू तळहातावर फेसून मऊ फडक्याने सुरकुत्यांमध्ये फिरवते. काखा, जांघा, गळ्याची घडी, शेपटीचं मूळ या जागी मळ धरतो. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घालते, कारण राहिलेला साबण मांजर चाटून पोटात घेतं. मग लगेच पंच्यात गुंडाळून घड्यांमधली ओलही टिपते आणि अंग पूर्ण सुकेपर्यंत पंखा लावू देत नाही. पावसाळ्यात हे टिपणं फार महत्त्वाचं, कारण घडीतल्या ओलीत बुरशी धरते.

यानंतर ती एकेक पंजा हलकेच दाबून नख बाहेर काढते. नखाच्या मुळाशी काळपट-तपकिरी, मेणासारखा थर दिसतो. तो तेल आणि मळाचा असतो, आणि बऱ्याचदा त्यात मालासेझिया नावाची यीस्ट वाढते. ओल्या कापसाने तो पुसून काढायचा. न पुसल्यास तिथे खाज सुटते आणि मांजर पंजे चावत बसतं. कानांतही तसाच मळ जमतो. कान धुण्याचं पशुवैद्याने दिलेलं द्रावण घालून कानाचा बुंधा चोळायचा आणि वर येईल तेवढंच कापसाने टिपायचं; कापूसकाडी आत घालायची नाही. पापण्यांचे केस नसल्याने डोळ्यांच्या कोपऱ्यात चिपडं साठतं, ते रोज सकाळी पाण्यात भिजवलेल्या कापसाने काढायचं. हिरवट-पिवळं दिसलं तर दवाखाना गाठायचा.

त्वचा कोरडी वाटते म्हणून आपल्या घरात हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. तसं करू नये. आधीच साचलेल्या तेलात भर पडते. टी ट्री ऑइल मांजरांना विषारी आहे. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारं परमेथ्रिनचं औषध मांजराला जिवावर बेतू शकतं. फिनॉल असलेल्या द्रवाने पुसलेली फरशी सुकेपर्यंत त्याला त्या खोलीत सोडू नये, कारण मांजराच्या यकृताला असली रसायनं निकामी करता येत नाहीत आणि याचं तर पोटही उघडंच फरशीला टेकतं. उन्हाचंही तसंच. खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन त्याला आवडतं, थोडा वेळ मिळू द्यावं. दुपारच्या उन्हात त्वचा भाजते, आणि वर्षानुवर्षं असं भाजत राहिलं तर कर्करोगाचा धोका वाढतो. माणसांची सनस्क्रीन लावू नये, तीही चाटून पोटात जाते. हे मांजर बाहेर भटकायला सोडायचं नसतं.

केस नाहीत म्हणजे ॲलर्जीही नाही, असं सांगून ही मांजरं सर्रास विकली जातात. ते खोटं आहे. मांजराची ॲलर्जी मुख्यतः फेल डी 1 या प्रथिनामुळे होते आणि ते लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत तयार होतं. घरात केस उडत नाहीत एवढाच फरक. दमा असलेलं कोणी घरात असेल तर आधी अशा मांजरासोबत पुरेसा वेळ घालवून बघावं, मगच पैसे मोजावेत.

आता हृदय. स्फिंक्समध्ये हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी हा आजार बराच आढळतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, आत रक्त मावायला जागा कमी उरते. आजारी मांजर महिनोन्‌महिने खेळतं, खातं, काहीच दाखवत नाही. स्टेथोस्कोपने दर वेळी कळतंच असं नाही. खरं चित्र इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतं: भिंतीची जाडी 6 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली की डॉक्टर या आजाराचा विचार करतात. वयाच्या पहिल्या वर्षापासून दर वर्षी इको करावा. शहरानुसार आणि डॉक्टरनुसार त्याला काही हजार रुपये लागतात, आणि प्राण्यांच्या हृदयाचे जाणकार मोठ्या शहरांपलीकडे सहज मिळत नाहीत, तेव्हा प्रवासही धरावा. निदान झालं तर रोजच्या गोळ्या मागे लागतात. छातीत पाणी भरून ऑक्सिजनवर ठेवायची वेळ आली तर काही दिवसांत पिल्लाच्या किमतीइतका खर्च होऊ शकतो.

घरच्या घरी करता येण्याजोगी तपासणीही आहे. मांजर गाढ झोपलेलं असताना त्याच्या छातीची हालचाल एक मिनिट मोजायची. वर-खाली मिळून एक श्वास. मिनिटाला 30च्या आत असेल तर ठीक. सतत त्याच्या वर जाऊ लागलं तर सकाळची वाट बघायची नाही. मागचे पाय अचानक लुळे पडून मांजर ओरडू लागलं तर रक्ताची गाठ अडकली असण्याची शक्यता असते आणि तेव्हा मिनिटं महत्त्वाची असतात.

पिल्लाची किंमत भारतात साधारण 50,000 रुपयांच्या पुढे सुरू होते आणि दीड-दोन लाखांपर्यंत जाते. माझ्या मते किमतीच्या आधी आई-बापाचे इकोचे अहवाल मागावेत, तारीख आणि डॉक्टरच्या सहीसकट. काही विक्रेते त्याऐवजी ‘जनुकीय चाचणी निगेटिव्ह’ असा कागद दाखवतात. नेहमीच्या चाचण्यांपैकी काही मेन कून आणि रॅगडॉल या जातींत सापडलेल्या बदलांवर बेतलेल्या आहेत. स्फिंक्सच्या हृदयाबद्दल त्या काही सांगत नाहीत. सीओएलक्यू जनुकाची चाचणी मात्र जरूर मागावी. त्यातल्या दोषाने स्फिंक्स आणि डेव्हन रेक्समध्ये स्नायू दुबळे होतात, मान खाली पडते, घास अडकतो. पिल्लू बारा आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं नसावं. त्याची त्वचा हाताने उलट दिशेला चोळूनही बघावी: 2016च्या सुमारास कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात साध्या पिल्लांचे केस तासून ती स्फिंक्स म्हणून विकल्याचे प्रकार उघडकीला आले होते.

अशी मांजरं मुळात जन्माला घालावीत का, हा प्रश्न युरोपात कोर्टापर्यंत गेला आहे. बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने 2015 साली स्फिंक्सची पैदास प्राण्याला त्रासदायक ठरवली. कारण होतं मिशांचं. मिशा हे मांजराचं स्पर्शाचं इंद्रिय आहे, अंधारात अंतर जोखायचं साधन आहे, आणि या जातीत त्या नसतात किंवा तुटक्या असतात. नेदरलँड्सने 1 जानेवारी 2026 पासून नवं बिनकेसांचं मांजर पाळण्यावरच बंदी आणली आहे. मला बर्लिनचा युक्तिवाद पटतो. या मांजरांचा स्वभाव फार लाघवी असतो, माणसाच्या अंगाशी येऊन ती झोपतात, आणि ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी जिवापाड सांभाळावीत. नव्याने घेणाऱ्याने मात्र पिल्लाची मागणी वाढवण्याआधी मोठ्या झालेल्या मांजराचा शोध घ्यावा. परदेशी बदली झाली, आंघोळीचा कंटाळा आला, एसीचं जमेना, अशा कारणांनी अनेक जण दोन-तीन वर्षांत ही मांजरं दुसऱ्याला देऊन टाकतात. अशा वयाला इकोत बऱ्याचदा काहीतरी दिसू लागलेलं असतं किंवा निदान एक स्वच्छ अहवाल हातात येतो. ताबा घेताना तो अहवाल, लसीकरणाचं पुस्तक, सध्याच्या शाम्पूचं आणि खाण्याचं नाव, आणि त्याची तेल मुरलेली जुनी गोधडी न धुता मागून घ्यावी. ओळखीच्या वासाने नव्या घरातल्या पहिल्या रात्री त्याला सोप्या जातात.