वाफेच्या खोलीला खिडकी हवी

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या रुग्णाचा मुलगा दवाखान्यात आला. प्रकृतीची तक्रार काही नव्हती. काखेत नकाशाची गुंडाळी होती. संगमेश्वर तालुक्यात त्यांची आंब्याची बाग आहे. तेथे पुण्या-मुंबईच्या थकलेल्या माणसांसाठी एक छोटेसे आरोग्यनिवास बांधायचे, तेलमालीश आणि वाफेची सोय करायची, असा त्याचा बेत. "डॉक्टरकाका, सगळे नैसर्गिक. जांभा, माती, चुना, कौले आणि लाकूड. सिमेंटची गोणी आवारात येऊ द्यायची नाही."

ऐकून बरे वाटले. नकाशा पाहत गेलो आणि वाफेच्या खोलीवर बोट थांबले. मातीच्या जाड भिंती, बुटके दार, मध्ये शेगडी आणि खिडकी एकही नाही. "उष्णता टिकावी म्हणून," तो म्हणाला. धुराचे काय, असे विचारले. "लाकडे बाहेर जाळायची आणि फक्त निखारे आत आणायचे. धूर होतच नाही."

नेमका येथेच घात आहे. धगधगणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, भोवंड येते, पायांतले बळ जाते. वाफ घेणाऱ्याला वाटते, उष्णतेने ग्लानी आली. तो डोळे मिटून पडून राहतो आणि पुढे उठत नाही. थंडीत दार लावून शेगडीशेजारी झोपलेली माणसे अशीच दगावतात. बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझरही याच जातीचा. असा प्रसंग आलाच तर माणसाला प्रथम उघड्या हवेत आणावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तेथे प्राणवायू देणे हाच उपाय.

त्या मुलाला मी कपाटातून चरकसंहिता काढून दाखवली. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात घाम काढण्याचे तेरा प्रकार आहेत. त्यांतल्या जेंताक स्वेदासाठी कसे घर बांधावे, हे एखाद्या इंजिनिअरने सांगावे तसे सांगितले आहे. जागा पाणवठ्याच्या काठी, पाण्यापासून सात-आठ अरत्नींवर. (अरत्नी म्हणजे कोपरापासूनचा हात, साधारण दीड फूट.) घर गोल, मातीने लिंपलेले, उंची-रुंदी जास्तीत जास्त सोळा अरत्नी. आत भिंतीलगत दारापर्यंत ओटा. मध्ये पुरुषभर उंचीची, बारीक भोकांची, झाकण असलेली मातीची भट्टी. लाकडे नीट जळून धूर गेल्यावरच रुग्णाने आत जायचे, हेही लिहिले आहे. आणि या घराला वातायने किती? अनेक! कार्बन मोनॉक्साइडचे नाव त्या काळी कोणाला माहीत असणार? पण आत विस्तव असलेल्या घराला झरोके हवेत, एवढे बांधणाऱ्याला ठाऊक होते.

माझा सल्ला मात्र याच्याही पुढचा आहे. विस्तव आत नकोच. त्याच अध्यायात नाडीस्वेद आहे. त्यात भांड्यातली वाफ नळीने अंगावर घेतात. नळीला दोन-तीन ठिकाणी बाक द्यावा म्हणजे वाफेचा जोर मोडतो आणि कातडी भाजत नाही, असा खुलासाही आहे. तेव्हा चूल भिंतीबाहेर ठेवावी, वाफ नळीने आत घ्यावी. चुलीत बागेतल्या छाटणीच्या फांद्या चालतील. ग्रंथात खैर आहे म्हणून खैर तोडायला जाऊ नये. आणि विस्तव बाहेर गेला तरी झरोके हवेतच, एक खाली आणि एक वर कौलांजवळ. कोंदट ओल्या खोलीत बुरशी धरते, आणि दमेकऱ्याला ती सोसत नाही.

साहित्याबद्दल त्याची निवड चांगली आहे. आपला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होत जातो. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि परत सोडतो. शिवाय ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. फक्त चुना विरवताना डोळे जपा. तो डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टर गाठावा.

एका बाबतीत आमचे जमले नाही. मालिशीच्या खोलीत त्याला शेणाने सारवलेली जमीन हवी होती. विश्रांतीच्या पडवीत खुशाल सारवा, पण जेथे तेल-पाणी सांडते तेथे सारवण टिकत नाही आणि ते धुताही येत नाही. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, आणि पाहुण्याच्या पायाला भेग असेल की नाही हे कोण पाहणार? गुळगुळीत फरशीही नको. तेलाच्या पायाने घसरून साठीतल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते. खरखरीत दगड, नीट उतार आणि भिंतीला धरायला लाकडी दांडा, एवढे पुरे. तेलकट सांडपाणी विहिरीकडे वळवू नये.

गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले आणि मद्य घेतलेले, यांना वाफेच्या खोलीत सोडू नये. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, चटका लागलेला कळत नाही. चरकानेही मधुमेही आणि गर्भिणी यांना स्वेदन वर्ज्यच सांगितले आहे.

परवा तो सुधारलेला नकाशा घेऊन आला. चूल बाहेर गेली आहे, झरोके आले आहेत. दार मात्र अजून आत उघडणारे आणि आतून कडीचे होते. आत कोणी भोवळ येऊन दाराशीच पडला तर ते बाहेरून उघडणार कसे? दार बाहेर उघडणारे करायला सांगितले आणि कडी काढायला लावली.