गाडीची नाडी

माणूस आजारी पडला म्हणजे घरातली मंडळी आधी त्याचे कपाळ चाचपतात. गाडी आजारी पडली म्हणजे आधी खिसा चाचपतात. त्यातून गाडी जुनी आणि 'ऑटोमॅटिक', म्हणजे आपले गिअर आपणच बदलणारी असली, तर विचारूच नका. 'गिअरबॉक्स गेला!' एवढे दोन शब्द ऐकले, की मध्यमवर्गीय गृहस्थाच्या पोटात गोळा उठतो. साध्या गाडीचा क्लच गेला तर तो बदलता येतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण ऑटोमॅटिकच्या पोटात काय असते हे फारसे कोणालाच ठाऊक नसते, आणि जिथे ज्ञान संपते तिथे भय सुरू होते. या भयाची किंमत बऱ्याचदा गाडीच्या किमतीएवढी पडते.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रशास्त्राशी माझा संबंध यावा असे काही नाही. पण गेल्या दीड वर्षात या विषयात मला लक्ष घालावे लागले, आणि एक गोष्ट मनाशी पक्की झाली : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दुखणे ओळखणे ही जादू नाही. आपल्या जुन्या वैद्यांनी रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. गाडीलाही तेच लागू पडतात.

पण नाडी पाहायची तर शरीराची थोडी ओळख हवी.

दोन पंखे आणि एक ग्रहमाला

टेबलावर विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही हळूहळू फिरू लागतील. आता वाऱ्याऐवजी तेल आहे आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात आहेत अशी कल्पना करा. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मधे लोखंडाला लोखंड चिकटलेले नाही. जोर पोचतो तो तेलातून. म्हणूनच सिग्नलपाशी गाडी गिअरमध्ये उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही. हरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले, ते मोटारीसाठी नव्हे तर जहाजांसाठी. दोन पंख्यांच्या मधे तेलाची दिशा वळवणारे तिसरे चाक बसवले, की जोर वाढतोही. या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

त्याच्या मागे असते ग्रहमाला. मधे 'सूर्य' नावाचे दातेरी चाक, भोवती फिरणारे 'ग्रह', आणि सगळ्यांना वेढणारे बाहेरचे कडे. यांपैकी एकाला धरून ठेवले आणि दुसरे फिरवले, की तिसरे निराळ्या वेगाने, प्रसंगी उलटही, फिरते. कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे हे काम क्लचप्लेटच्या जुड्या करतात, आणि त्या प्लेटा दाबण्याचे काम पुन्हा तेलाचाच दाब करतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये 'हायड्रामॅटिक' हा गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी आणला, तेव्हापासून ही व्यवस्था घराघरांत पोचली. त्या वेळी कोणता गिअर केव्हा टाकायचा हे तेलाचा दाब आणि झडपाच ठरवीत. पुढे ते काम संगणकाकडे गेले.

वाचकांनी यातून एवढेच ध्यानात ठेवावे, की या यंत्रात तेल हे केवळ वंगण नव्हे. जोर नेणारे तेच, प्लेटा दाबणारे तेच, उष्णता वाहून नेणारेही तेच. रक्त म्हणा ना! मग तपासणी कोठून सुरू करायची हे सांगायला नकोच.

ताईची गाडी

माझी थोरली बहीण साताऱ्यात असते. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती आठवड्यातून दोनदा यवतेश्वरच्या घाटाने वर एका वाडीत मुलांना शिकवायला जाते. डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्लच दाबणे तिला जमेना, म्हणून तिने २००९ सालची, चार गिअरांची, एक लहानशी ऑटोमॅटिक गाडी वापरलेली विकत घेतली होती. ती गाडी म्हणजे तिचा डावा पायच होता म्हणा ना.

एका पावसाळ्यात गाडी रुसू लागली. सकाळी दांडी 'डी'वर आणली, की तीन-चार सेकंद नुसता विचार करायची. घाटात इंजिन ओरडायचे, काटा वर चढायचा, आणि गाडी मात्र जागची हलायला तयार नसायची. एक दिवस ती तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. 'गिअरचे गुणोत्तर जुळत नाही' अशा अर्थाचा संकेतांक निघाला, आणि निकाल मिळाला : गिअरबॉक्स गेला, खर्च एक लाख साठ हजार. बाजारात गाडीला पावणेदोन लाख आले असते. "भंगारात देते आणि वाडीवर जाणे थांबवते," असे ताई फोनवर म्हणाली, तेव्हा तिचा आवाज मला ओळखू येईना.

या ठिकाणी स्कॅनरविषयी दोन शब्द. गिअरबॉक्सच्या आत शिरणारा वेग आणि बाहेर पडणारा वेग संगणक सारखा मोजत असतो. हिशेब जुळला नाही, की तो संकेतांक नोंदवतो आणि आणखी नासाडी होऊ नये म्हणून गाडी एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो. 'पी ०७००' हा संकेतांक तर इतकेच सांगतो, की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काही तक्रार नोंदली आहे. तपशील पुढच्या संकेतांकात पाहावा. शब्दकोशात अर्थ सापडतो, संदर्भ सापडत नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. स्कॅनरचेही तसेच आहे. प्लेट घसरते आहे हे तो सांगतो. का घसरते, हे माणसाने शोधायचे.

पोवई नाक्यापलीकडे एका वयस्क मेकॅनिकचे गॅरेज आहे. त्यांची मुलगी ताईची विद्यार्थिनी. आम्ही गाडी तिथे नेली, तीही उचलून, ट्रकवर घालून. ऑटोमॅटिक गाडीची चालती चाके जमिनीवर ठेवून ती ओढत नेऊ नये. तेलाचा पंप इंजिनावर चालतो, आणि इंजिन बंद असता आतले भाग कोरडेच घासतात.

त्यांनी हत्याराला हात लावला नाही. आधी प्रश्न.

"बाई, सकाळच्याला रुसती, का घाटात?"

"दोन्ही वेळा. पण घाटात जास्त."

"अंगणात गाडीखाली डाग पडतो का?"

"पडतो. तांबूस. शेजारचा मुलगा म्हणाला, एसीचे पाणी असेल."

"एसीचं पाणी लाल नसतं, बाई!"

निम्मे निदान तिथेच झाले होते. मग दर्शन. इंजिन गरम करून, ते चालू ठेवून, दांडी 'पी'वर असताना त्यांनी गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. हे तेल जळून संपत नसते. कमी झाले तर ते कोठून तरी गळालेच पाहिजे. त्यांनी एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. नवे तेल बहुधा लाल असते. हे तपकिरी झाले होते, पण काळे नव्हते. हुंगून पाहिले, जळका वास थोडा होता, फार नव्हता. दुधाळ गुलाबी असते तर रेडिएटरातले पाणी आत शिरले असे समजायचे.

मग गाडी वर घेतली आणि आले स्पर्शन. तेल थंड करण्यासाठी रेडिएटरकडे जाणारा रबरी पाईप क्लिपेपाशी चिरला होता आणि बोटाला ओलसर लागत होता. चेंबर उघडले. आतल्या लोहचुंबकावर करडा, मेणासारखा मऊ थर होता. तो वयाचा, जुन्या गिअरबॉक्सात असायचाच. चकचकीत कपचे असते तर गोष्ट निराळी. शेवटी पाईप, फिल्टर आणि तेल बदलून दाबाचा मीटर लावला. दाब ठीक निघाला.

कार्यकारण आता उलगडले. तेल कमी, त्यात घाटाचा चढ. तेल एका बाजूला गेले की पंप हवा ओढणार, दाब पडणार, प्लेटा घसरणार, संगणक रागावणार. खर्च झाला साडेसात हजार. "वचन देत नाही, बाई. प्लेटा थोड्या भाजल्यात. किती जगतील ते त्यांचं त्यांना ठाऊक," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याला आता दीड वर्ष होत आले. ताई वाडीवर जाते आहे.

आणि खरेच गेला असेल तर?

प्रत्येक गोष्ट अशी गोड होत नाही. तेल काळेठिक्कर, जळका वास तीव्र, चेंबरात धातूचे कपचे, आणि पातळी व दाब दोन्ही योग्य असूनही गाडी घसरते, असे असेल तर गिअरबॉक्स उघडल्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा नवे तेल घालून चमत्काराची वाट पाहण्यात अर्थ नसतो. ब्रेक दाबून इंजिन पूर्ण जोराने फिरवण्याची 'स्टॉल' परीक्षा प्लेटा घसरतात का ते सांगते. पण ती जाणत्याने, काही सेकंदांपुरतीच करायची. घरच्या अंगणात करायची नव्हे.

याउलट, गिअरबॉक्सच्या माथी मारले जाणारे पुष्कळ गुन्हे भलत्याचेच असतात. प्लग नीट पेटत नसला की बसणारे हिसके गिअरचे वाटतात. बॅटरी दुबळी किंवा वायरीचा सांधा गंजलेला असला, की संगणक भलतेच बोलतो. दांडीची केबल सैल असली, की दांडी 'डी'वर दिसते आणि आत गिअर पडलेलाच नसतो. ही सगळी स्वस्त दुखणी. म्हणून ती आधी पाहायची. स्वस्ताकडून महागाकडे आणि न उघडता होणाऱ्या तपासणीकडून उघडून होणाऱ्याकडे, हाच क्रम.

एक सावधगिरी मात्र पाळावी. 'ऑटोमॅटिक' हे एकच नाव अनेकांना आहे. आपल्याकडे २०१४ पासून छोट्या गाड्यांत आलेला ए.एम.टी. हा मुळात साधाच गिअरबॉक्स. त्यात क्लच दाबायला यंत्र बसवलेले असते. सी.व्ही.टी.मध्ये पट्टा आणि कप्प्या असतात. प्रत्येकाचे तेल निराळे, आणि चुकीचे तेल हे विषच. पातळी मोजायची रीतही गाडीगणिक बदलते. कित्येकांना तर डिपस्टिकच नसते. म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका टाकून देऊ नये.

वर्कशॉपने मोठा आकडा सांगितला, तर चारच प्रश्न विचारावेत : तेलाची पातळी किती होती? रंग-वास कसा होता? संकेतांक नेमका कोणता निघाला? दाब मोजला का? उत्तरे मिळाली तर आकड्यावर विचार करावा. न मिळाली तर गाडी दुसऱ्या वैद्याकडे न्यावी.

पाडव्याला गाडीला झेंडूचा हार घालाल, तेव्हा उभी असते त्या जागी फरशीवर तांबूस डाग पडला आहे का, तेवढे वाकून पाहा. पूजेत तेवढे दर्शन चालते.